आधार निधीचा मंडप

"काका, प्रश्न विचारायला मी आहे. तुम्ही टाळ्या वाजवा."

असं म्हणून आमच्या युनियनच्या अध्यक्षांनी माझ्या गळ्यात विधानसभेच्या उमेदवाराच्या प्रचाराचा पट्टा घातला. कंपनीच्या गेटसमोर, पहिली पाळी सुटताना, सगळ्यांदेखत. अध्यक्ष माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पट्टा घालून त्यांनी माझी कॉलरही नीट केली, लग्नात नवरदेवाची करतात तशी. लोक हसले. मग टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांत माझ्याही होत्या. हे सांगताना आजही कान गरम होतात. हात आपोआप वाजले. महाडच्या औद्योगिक वसाहतीत अठ्ठावीस वर्षं काढली की हात असे परस्पर कामाला लागतात.

मी विचारलं एवढंच होतं, "आधार निधीतून गंगारामला मदत कधी मिळणार?"

गंगाराम माझा जोडीदार, आमच्याच वाडीतला. प्लांटमध्ये गॅस त्याच्या अंगावर आला आणि छाती गेली. कंपनीने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं आणि हात झटकले. अशा वेळेसाठीच आमच्या पगारातून दरमहा आधार निधी कापतात. युनियन म्हणाली, निधी सध्या शिल्लक नाही. शिल्लक कुठे गेली ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लटकत होतं. विधानसभेची निवडणूक होती. प्रत्येक बॅनरवर 'तमाम कामगारांचा जाहीर पाठिंबा'. तमाम कामगारांत मीही येतो. मला कुणी विचारलं नव्हतं. फोटो मात्र झकास आला होता. अध्यक्षांचा.

घरी मी मोठा गोष्टीवेल्हाळ. त्या दिवशीची गोष्ट मी अशी सांगितली, की अध्यक्षांनी माझा सत्कार केला.

बायको म्हणाली, "सत्कार केला तर तोंड आसं का वो?"

मग खरं सांगावं लागलं. ती म्हणाली, "गप ऱ्हावा. पोरीचं नाव यादीत हाय."

हाच तो खुंटा. मुलगी बी.एस्सी. झालेली, कंपनीच्या लॅबमध्ये लागायची होती. यादी मॅनेजरच्या टेबलावर असते, पण वर कोण आणि खाली कोण हे युनियनच्या ऑफिसात ठरतं. मी गप राहिलो. गप राहण्यात माझा हात कोण धरणार?

चार दिवसांनी अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. मी काठावर टेकलो.

"काका, तुमच्या वाडीत गावकी अजून एकमुखी चालते ना?"

"चालते साहेब."

"मग देवीपुढे आपल्या उमेदवाराचा नारळ ठेवा. मुंबईकरांना आणायला गाड्या युनियन पाठवेल. देवळाला मंडप देऊ. आणि मुलीचं माझ्या लक्षात आहे."

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. निम्मी घरं मुंबईला. मत कुणाला हे गावकीत ठरतं. ज्याला काही मांडायचं असेल तो देवीपुढे नारळ ठेवतो. हरकत नसली की तो फोडायचा. फुटला की वाडीचा शब्द पक्का, मुंबईतला माणूसही तो मोडत नाही. हरकत असेल त्याने नारळ उचलायचा. पण उचलणाऱ्याला कारण चारचौघांत सांगावं लागतं, म्हणून सहसा कुणी उचलत नाही. अध्यक्षांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांना चाळीस घरं एका नारळात हवी होती.

रविवारी सकाळी मी नारळ ठेवला. काय बोललो, विचारू नका! मंडपाचे खांब, वरचे पत्रे, खालची लादी. ऐकणाऱ्यांना सावली पडल्यासारखं वाटलं. वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी फोनवर होता. त्याने एकच विचारलं, "गाडी एसी हाय ना?"

पारूआत्या, वाडीतली सगळ्यांत म्हातारी, मध्येच म्हणाली, "मंडपाचं पैसं कुणाचं रे?"

"युनियनचं, आत्या."

"म्हंजी कुणाचं?"

उत्तर देवळाच्या खांबाला टेकून बसलेल्या गंगारामने दिलं. दहा मिनिटांची चढण, तो तासभर चढून आला होता.

"माजं गो आत्या. माजं न् ह्याचं. दवाखान्याला... नाय म्हणालं. आता मंडपात बसवतायत."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "फोड रे भाऊ. तुजी पोर लागंल कामाला. माजी हरकत नाय."

शिवी दिली असती तर मी नारळ फोडला असता. खरंच फोडला असता.

मी पुढे झालो आणि नारळ उचलला. स्वतःच ठेवलेला नारळ स्वतःच उचलणारा वाडीत मी पहिलाच. असला मूर्खपणा कुणी केलाच नव्हता. कारण सांगावं लागलं. म्हणालो, "ह्यो नारळ माजा नाय. अध्यक्षांचा हाय. मी नुसता हमाल. पोरीच्या नोकरीसाठी तुमची मतं पोचवायला आलो होतो."

कुणी शाबासकी दिली नाही. मंडप गेला म्हणून पुजारी अजून माझ्याशी बोलत नाही. ज्याने त्याने मनाला येईल तिथे मत दिलं. उमेदवार आमच्या वाडीवाचूनही निवडून आला. मुलीचं नाव यादीतून गेलं. मला उचलून प्लांटमध्ये, गॅसजवळ, गंगारामच्या जागेवर टाकलं.

मला वाटलं होतं, निदान मुलगी म्हणेल, बाबा, बरं केलंत. ती म्हणाली, "माझ्या नावाचा सौदा करताना मला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. तिलाही नाही, वाडीलाही नाही. अध्यक्ष वागले तस्साच मी वागलो होतो, फक्त माझ्याकडे बॅनर नव्हता.

आता तीच मला अर्ज लिहून देते. सभासद म्हणून युनियनच्या वह्या बघायचा मला हक्क आहे, आधार निधी कुठे गेला ते दाखवा. एक प्रत युनियनला, एक कामगार खात्याला. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्यानंतर अध्यक्षांचा माणूस घरी येऊन म्हणाला, "काका, नोकरीची तीन वर्षं राहिलीत, सुखाने काढा." गंगाराम तेवढा तग धरेल की नाही, मला माहीत नाही. अर्जावर दुसरी सही मिळालेली नाही. सगळे मान हलवतात, पेन कुणी धरत नाही. त्यांच्याही घरी कुणाचं तरी नाव कुठल्या तरी यादीत आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही कालपर्यंत तिथेच होतो.

तीन वर्षं म्हणजे छत्तीस पगार. प्रत्येक पगारातून निधी कापतील. जितक्या वेळा कापतील, तितक्या वेळा अर्ज देणार.