सावडीला इंग्रजीत काय म्हणतात

वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, वडीगोद्रीच्या अलीकडच्या एका शाळेत. पोरांच्या निबंधात 'माय मदर मेक्स भाकर' दिसलं की माझं डोकंच फिरायचं. अरे, पाठ केलेले शब्द काय डब्यात घालून खाल्ले? भाकर खोडायची, ब्रेड लिहायचं. बांध खोडायचा, बाउंड्री लिहायचं. माझ्या लाल पेनाचा मला भारी तोरा होता.

यंदा तालुक्याच्या इंग्रजी निबंधवाचनाला शाळेतून एकच नाव जाणार होतं. मी नववीतली एक पोरगी निवडली. कापसाच्या खुरपणीवर लिहिलं होतं तिनं, आणि लिहिलं होतं झकास. फक्त मधेच 'वुई डू सावड'. मी सावड खोडून वर हेल्प लिहिलं आणि उद्या नीट उतरवून आण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वही जशीच्या तशी.

"का गं?"

"मॅडम, हेल्प न्हाई ती. आज गल्लीतल्या बाया आमच्या कापसात आल्या, उद्या माय त्यांच्यात जाती. हेल्प लिहिलं तर माय म्हणंल, मला फुकट कोण करू लागलं?" मंग खाली बघून म्हणाली, "मी न्हाई जात. दुसरीला पाठवा."

असा राग आला! शिंगं फुटली म्हटलं हिला. त्याच रागात घरी गेले, चहा टाकला आणि तिथंच आठवलं. माझ्या बी.एड.च्या परीक्षेला आई माझ्यासोबत जालन्याला येऊन राहिली होती, तेव्हा इकडं आमचं रान शेजारच्या बायांनी खुरपलं होतं. परत आल्यावर आई आठ दिवस त्यांच्या रानात राबली. त्या सावडीवर मी मास्तरीण झाले आणि तोच शब्द खोडत बसले होते. फार लाज वाटली.

सकाळी मी माझंच हेल्प खोडलं. हेडसर म्हणाले, "मॅडम, परीक्षक हसतील."

"हसू द्या की. दात त्यांचे दिसतील, आपलं काय जातंय?"

रविवारी पोरीला आणि तिच्या मायला घेऊन अंबडला गेले. वाचन झालं. परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "व्हॉट इज सावड?"  पोरगी बोलली खणखणीत.

"टुडे माय फील्ड. टुमारो युवर फील्ड. नोबडी से थँक्यू."

कुणी हसलं नाही. परीक्षकांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. दुसरा नंबर आला. खरं सांगते, माझ्या स्वतःच्या निकालाला माझी छाती एवढी फुगली नव्हती.

संध्याकाळी फाट्यावर उतरलो. माय थांबली.

"मॅडम, तुमचा रविवार गेला. रान कुठंशी हाय तुमचं?"

"अंकुशनगरच्या अलीकडं. का हो?"

"खुरपण झालं का?"

अहो, राहू द्या, त्यात काय एवढं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पोरगी टक लावून माझ्याकडं बघत होती. मी जीभ चावली.

"तूर राहिलीय," म्हटलं. "येत्या रविवारी या."

"बराबर," माय म्हणाली आणि खुशीत घराकडं निघाली.