पदरातली भाकरी

पुणे-नाशिक रस्त्यानं ये-जा करणाऱ्या ड्रायव्हर लोकांत कळंबची द्रौपदाबाई दोन गोष्टींसाठी ठाऊक आहे. एक तिची मासवडी आणि दुसरी तिची खुर्ची. मासवडीबद्दल वाद नाही. बेसनाच्या त्या वड्या आणि झणझणीत रस्सा एकदा खाल्लेला माणूस नवा बायपास सोडून, वाकडी वाट करून, जुन्या रस्त्यानं तिच्याकडं परत येतो. वाद आहे तो खुर्चीबद्दल.

या खानावळीच्या दारात भिकाऱ्याला काही मिळत नाही. शिळी चपाती नाही, चिल्लर नाही आणि 'पुढं जा' हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसादही नाही. त्याला आत बोलावतात, हात धुवायला लावतात, खुर्चीवर बसवतात आणि इतरांसारखं ताट वाढतात. पैसे घेत नाहीत. पण ताट इथंच संपवायचं. बांधून न्यायचं नाही, ओंजळीत घ्यायचं नाही, पदरात तर मुळीच नाही.

गिऱ्हाइकं नाक मुरडतात. शेजारच्या टेबलावर जटा वाढलेला माणूस रश्शात भाकरी कुस्करत बसला की कुणाकुणाची भूक पळते. द्रौपदा कुणाला अडवत नाही. "हाटेलं लई हायेत रस्त्याला," एवढंच म्हणते आणि पुढची भाकरी थापायला घेते. गंमत अशी, की भिकाऱ्यांनाही ही खुर्ची जड जाते. फुकट खायचं, वर हात धुवायचे, चारचौघांत मांडी न घालता बसायचं, एवढी कटकट कोण करणार? निम्मे तर खुर्ची बघूनच काढता पाय घेतात.

घरात यावर तीन मतं आहेत. मुलगा कपिल चाकणला कंपनीत आहे आणि मोबाइलवर जे दिसतं ते खरं असतं यावर त्याचा फार विश्वास. त्याच्या मते हे सगळे भिकारी टोळीतले, संध्याकाळी रिक्षा करून घरी जाणारे. नवरा पोपट वाद घालत नाही. बायकोची पाठ वळली की पानटपरीच्या आडोशाला कुणाच्या तरी हातावर नाणं ठेवतो आणि विड्यासाठी गेलो होतो म्हणून सांगतो. सून अमृता पौर्णिमेला विहारात जाणारी, वाचणारी पोरगी. ती एकदा मेथी निवडता निवडता सहज म्हणाली, भगवान बुद्धही पात्र घेऊन दारोदार जायचे, त्यांना कुठं कुणी खुर्ची दिली? द्रौपदाला ते झोंबलं. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

पण खुर्ची हलली नाही, कारण ती द्रौपदाची नव्हतीच. ती तिच्या वडिलांची होती.

वडील भागूजी लहान असताना वस्तीतल्या घरांना पाळीपाळीनं गावकी, म्हणजे गाव सांगेल ती कामं, करावी लागे, आणि गावकीच्या बदल्यात संध्याकाळी दारोदार भाकरी मागायला जावं लागे. भागूजी आपल्या बापाबरोबर जायचे. बाप अंगणाच्या कडेला घोंगडीचा सोगा पसरून उभा राहायचा. घरातली बाई यायची आणि हात लागू नये म्हणून उंचावरून भाकरी टाकायची. कधी ती घोंगडीत पडायची, कधी मातीत. मातीतली उचलून झटकायचं काम पोराचं. पुढं छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, बापानं ती घोंगडी चुलीत घातली आणि घरातला भाकरीचा फेरा संपला. वडील म्हातारपणी सगळं विसरले, पण ती भाकरी पडल्याचा आवाज विसरले नाहीत. लेकीला त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. आपण कुणापुढं हात पसरायचा नाही आणि दुसऱ्यानं पसरलेल्या हातावर कधी वरून टाकायचं नाही. "ज्याला द्यायचं, त्याला बसवून दे," ते म्हणायचे. द्रौपदानं खानावळ काढली तेव्हा आधी बाबासाहेबांची तसबीर लावली आणि मग ही खुर्ची मांडली. आपण बापाचा शब्द पाळतोय याचा तिला अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

गेल्या हिवाळ्यात तिथं साळुबाई आली.

दुपारची गर्दी ओसरलेली. सत्तरीची, वाळकी, पण लुगडं स्वच्छ धुतलेली म्हातारी दाराबाहेर उभी राहिली आणि तिनं पदर पुढं केला. भाकर द्या, एवढंच म्हणाली. द्रौपदानं तिला नेहमीसारखं आत बोलावलं. म्हातारी जागची हलली नाही. पदरातच द्या म्हणाली, आपल्याला बसायला वेळ नाही. भिकाऱ्याला कसली आलीय घाई, असं द्रौपदाच्या मनात आलं आणि ते तोंडावरही दिसलं असणार. म्हातारी तशीच गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा पदर पुढं केला. तिसऱ्या खेपेला मात्र भुकेपुढं मान तुकवली असावी. निमूट आत आली, हात धुतले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली.

द्रौपदाला बरं वाटलं. तिनं स्वतः ताट वाढलं, मासवडी वाढली, दोन गरम भाकऱ्या ठेवल्या आणि तव्याकडं वळली. मग सहज मान वळवून पाहिलं तर म्हातारीनं अर्धी भाकरी रश्शाला लावून संपवली होती आणि उरलेली दीड भाकरी हळूच पदराखाली सरकवत होती.

द्रौपदाच्या डोक्यात तिडीक गेली. कपिलचं खरं निघतंय की काय, हीही टोळीतलीच, भाकरी नेऊन विकते की काय, असलं काहीबाही एका क्षणात मनात येऊन गेलं. पण खरी चीड वेगळीच होती. हिला आपण माणसासारखं बसवलं, ताट दिलं, आणि हिला शेवटी पदरच प्यारा.

"चोरायला कशाला पायजे, मावशे?" ती म्हणाली. "पोट फुटंस्तवर खा की. पर पदरात भाकर बांधायची आमच्यात रीत न्हाई."

खानावळीत तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी माना वळवल्या. साळुबाईनं पदराखालची भाकरी काढली, ताटात ठेवली, नळावर हात धुतला आणि बाहेर पडली. शिवी दिली नाही की डोळ्याला पदर लावला नाही. द्रौपदाला तेच लागलं. म्हातारीनं तोंड वाजवलं असतं तर हिशोब तिथंच मिटला असता.

त्यानंतर साळुबाई आली नाही. आठवडा गेला तसं द्रौपदाला चुकल्यासारखं होऊ लागलं. दुपारी दाराशी सावली पडली की ती तव्यावरून मान वर करायची. पोपटला हे कळत होतं, पण संसारात इतकी वर्षं काढलेला माणूस, विचारल्याशिवाय बोलणार नाही. शेवटी एकदा मंचरहून भाजी घेऊन आला तेव्हा पिशव्या उतरवता उतरवता त्यानं सांगून टाकलं. म्हातारी मंचरच्या स्टँडवर हात पसरून फिरत होती. एका पोरानं तिला हुसकावलं, ती पडता पडता वाचली. आणि येताना पाहिलं, तर नदीच्या पुलाअलीकडं ती बंद पडलेली रसवंती आहे ना, तिथं ती आत शिरली. आत कुणीतरी झोपलेलं दिसलं.

मंचर म्हणजे म्हातारीच्या पायांना केवढं लांब. इथं खानावळीत भाकरी होती आणि ती तिकडं धक्के खायला जात होती, केवळ इथली भाकरी खुर्चीला बांधलेली होती म्हणून. द्रौपदा त्या रात्री जेवली नाही. आपण वाईट वागलो का, हे तिला ठरवता येईना. बापाचा शब्द मोडला असता तर वाईट, आणि पाळला तर हे असं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डबा भरला. वरच्या पुडात मासवडी, खाली रस्सा, फडक्यात भाकऱ्या. पोपटच्या स्कूटरवर मागं बसली आणि दोघं नदीच्या पुलाकडं निघाली.

रसवंतीवरचा रंगीत कापडी मांडव कधीच फाटला होता. उसाचा चरक काढून नेलेल्या जागी चार विटांची चूल आणि मागं पत्र्याच्या आडोशाला गोधडीवर एक म्हातारा पडलेला. डावं अंग लुळं पडलं होतं, पण मिशा विंचरलेल्या होत्या आणि डोक्याला टोपी होती. साळुबाई चुलीशी होती. द्रौपदाला बघून ती उठली आणि म्हाताऱ्याच्या आड येऊन उभी राहिली.

द्रौपदा बोलायच्या आत म्हातारा बोलला. कोण आलंय, विचारलं. पोपटनं बाहेरूनच सांगितलं की कळंबच्या खानावळीवाल्या बाई आल्यात. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला.

"या, या. आमची मंडळी तुमच्याकडंच भांड्यांना हाय न्हवं?" तो म्हणाला. "म्हणली, खानावळ दुरुस्तीला काढलीय, म्हणून खाडे पडल्यात. तुमचं लई नाव घेती. रोज भाकर पदरात बांधून देत्यात म्हणती."

सगळं एकदम समजायलाही माणसाला जरा वेळ लागतो. हा साळुबाईचा नवरा, गेणभाऊ. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे सौदे करून देणारा, शब्दावर व्यवहार चालवणारा माणूस. लकवा भरल्यावर भावकीच्या दारात पडून राहण्यापेक्षा बायकोला घेऊन बाहेर पडलेला. त्याला वाटत होतं, बायको कष्ट करून मजुरीची भाकरी आणते. मजुरीची भाकरी बाई पदरात बांधून आणते. ताटात जेवून आलेली बाई नवऱ्याला काय दाखवणार? म्हातारीला पदर प्यारा नव्हता. त्या पदरात तिनं नवऱ्याची अब्रू बांधली होती आणि द्रौपदानं ती चारचौघांत सोडायला लावली होती.

साळुबाई तिच्याकडं बघत होती. दारात भाकरी मागतानाही तिची नजर एवढी विनवणी करत नव्हती.

"व्हय," द्रौपदा म्हणाली. "दुरुस्ती संपली. उद्यापास्नं येऊ द्या त्यास्नी. माझी भांडी तशीच पडल्यात."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि धनीपणानं बायकोला सांगितलं, पाहुण्या पहिल्यांदाच दारात आल्यात, भाकर दे. साळुबाई घुटमळली. पोपटनं डबा पुढं केला तर म्हातारा हसला. पाहुण्याचा डबा पाहुण्यासमोर कसला उघडता, आधी आमच्या घरचं खा, म्हणाला.

घरचं म्हणजे फडक्यातली एक चतकोर भाकरी. कडक झालेली, कडेला करपलेली, स्टँडवर कुणीतरी दिलेली. ती कुठून आली ते साळुबाईला माहीत होतं आणि द्रौपदालाही. ज्या घरानं अशी भाकरी पुन्हा खायची नाही म्हणून घोंगडी जाळली, त्या घरची ही लेक. आणि कुणास ठाऊक, या म्हाताऱ्याच्या आईनंही कधी कुणाच्या घोंगडीत वरून भाकरी टाकली असेल. नको म्हणावं तर म्हाताऱ्याच्या दारातून पाहुणा उपाशी जातो. ताट मागावं तर ताट नव्हतं.

द्रौपदानं हात पसरला. आयुष्यात पहिल्यांदा.

साळुबाई वाकली. तिचे दोन्ही हात खाली आले आणि भाकरी द्रौपदाच्या तळहातावर नीट टेकेपर्यंत सुटले नाहीत. म्हातारीची बोटं थंड होती. द्रौपदाला बापाची फार आठवण आली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, सावकाश चावला आणि चतकोर संपवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. म्हाताऱ्याला वाटलं ठसका लागला. तो साळुबाईला पाणी द्यायला सांगू लागला.

आता साळुबाई रोज येते. पोपट तिला स्कूटरवर आणतो-सोडतो. भांडी तिच्यानं सगळी नीट निघत नाहीत, अर्धी अमृता परत घासते आणि कुणी त्याचा उच्चार करत नाही. दुपारी साळुबाई खुर्चीवर बसून जेवते. निघताना द्रौपदा तिच्या पदरात दोन भाकऱ्या स्वतः ठेवते आणि गाठ मारून देते. बापाला हे पटलं असतं का, हे तिला आजही सांगता येत नाही. विचार मात्र रोज मनात येतो.

खुर्चीही तिथंच आहे. दारात कुणी हात पसरून उभं राहिलं की द्रौपदा अजूनही तवा सोडून बाहेर येते आणि आत ये म्हणते. पण माणूस कचरला तर आता रागावत नाही. जवळ जाते आणि आधी कधीच न विचारलेलं विचारते.

"घरी कोण हाय?"