डेन्मार्कच्या माथ्यावर तात्यांचा नारळ

आज मी पदवीधर आहे तो कऱ्हाटीच्या शंकरतात्यांमुळे. तात्या माझे चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. नव्या मुलखात गेलं की तिथल्या सगळ्यात उंच जागी नारळ वाढवायचा, हा त्यांचा शिरस्ता. लोणी देवकरच्या कारखान्यानं मला दुधाच्या यंत्रांचं काम शिकायला डेन्मार्कला पाठवलं, तेव्हा तात्या म्हणाले, "माझं गुडघं गेलं. आता माझ्या नावानं तू वाढव. डोंगर हाय न्हवं तितं?"

"हाय, पण लय उंच न्हाय."

"आसू दे की! त्या गरिबाला कोण नारळ देतंय?"

तो देश आमच्या इंदापूरसारखाच सपाट. उसाच्या जागी गहू आणि गवत. मुक्कामातल्या शेवटच्या रविवारी निघालो. दुकानात नारळ मिळाला, पण शेंडी तासलेला. बसमध्ये रुगब्रॉड (राय नावाच्या धान्याचा काळा, आंबूस पाव) खाल्ला. जबडा दुखला, पोट मात्र भरलं.

उतरल्यावर एका टेकडीवर विटांचा बुरूज दिसला. आपल्याकडं माथा म्हटला की वर देऊळ असतंच. त्यामुळे मला शंकाही आली नाही. बूट काढले, तात्यांचं नाव घेतलं, नारळ वाढवला आणि भेटेल त्याला खोबरं वाटलं.

"कशाबद्दल हे?" एका आजीबाईंनी विचारलं.

"तुमच्या देशातल्या सगळ्यात उंच जागेबद्दल."

"मग ती पलीकडं आहे! ही टेकडी मोजणीत हरली."

हाती नुसती करवंटी उरली होती. पलीकडच्या कुरणात गेलो, तर सगळीकडं गाईच गाई. माथा कुठं ते कळेना. गोठ्यातल्या बाईंना विचारलं.

"त्या तांबड्या गाईच्या पायाशी बघा. आणि येताना फाटक लावा!"

गवतात गिरणीचा एक जुना गोल दगड बसवला होता. तोच मोलेहॉय (हॉय म्हणजे टेकडी), देशाचा माथा. गाय हलेपर्यंत थांबलो. वारा छान होता, पण मन खट्टू झालं. तात्यांनी एवढं एकच काम सांगितलं होतं.

परतलो तो थेट कारखान्यात पाळीवर. कऱ्हाटीला जायला रविवारपर्यंत सुट्टी मिळेना आणि फोनवर तात्यांना नीट ऐकू येत नाही. म्हणून तिकडं निघालेल्या टँकरवाल्याजवळ पत्र दिलं:

"तीर्थरूप तात्यांस, साष्टांग नमस्कार.

नारळ चुकीच्या टेकडीवर वाढवला. खऱ्या माथ्यावर नुसतं तुमचं नाव घेतलं. तेवढ्यानं तुमचं समाधान व्हायचं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुन्हा जायचं, आणि या खेपेला तुम्ही यायचं. तो चढ आपल्या कालव्याच्या भरावाहून सोपा आहे. गाभण गाईसुद्धा तिथं चढून चरतात. रविवारी येतो. दाढी करून बसा, पासपोर्टला फोटो लागतो."