शिक्क्याविना सर्व्हिसिंग

गाडी समोर आली की बादू मास्तर आधी मान खाली घालायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा उभ्याउभ्या झोपला की काय. थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकून ते म्हणायचे, तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह बघा, आणि दुखणं नेमकं तिथेच निघायचं. कुमासीच्या सुआमे मॅगझीनमध्ये, म्हणजे गॅरेजांच्या त्या अख्ख्या गावात, चाळीस वर्षं ही त्यांची ख्याती होती. कोकोचे ट्रक, वडापसारख्या गाड्या चालवणारे ट्रोट्रोवाले, दोन चर्चच्या बसगाड्या, कुणी दुसऱ्या फिटरला हात म्हणून लावू द्यायचे नाहीत.

आणि ज्या एका गाडीला हात लावायची मास्तरांना बंदी होती, ती नेमकी त्यांच्या पोटच्या पोरीची होती.

सेरवा सुईण नर्स. एजुराच्या बाजूला अकरा गावं तिच्याकडे. नऊ वर्षं पै न् पै बाजूला टाकून तिनं कोरी गाडी घेतली. आमच्या मॅगझीनमध्ये गाड्या येतात त्या युरोपनं वापरून टाकलेल्या, त्यांच्याच जिवावर आमच्या चुली पेटतात. आपल्या आधी कुणीच बसलेलं नाही अशी गाडी बादूंच्या सात पिढ्यांत आली नव्हती. गाडीबरोबर कंपनीनं एक पुस्तक दिलं होतं. त्यात चौकोन: एक हजार किलोमीटर, दहा हजार, वीस हजार. प्रत्येक चौकोनात कंपनीचा शिक्का हवा. बाहेर कुणी साधा नट जरी फिरवला, तरी तीन वर्षांची वॉरंटी गेली.

"बाबा, रागावू नका हं. फक्त तीन वर्षं," सेरवा म्हणाली होती.

मास्तर हसले. म्हणाले, मला काय, बरंच झालं, आता मी पण गिऱ्हाईक म्हणून पंख्याखाली बसेन. हसले खरे, पण त्या दिवशी त्यांनी ताटातला फुफू अर्धा तसाच ठेवला. त्यांची बहीण जेवायला वाढत होती, तिच्या ते लक्षात आलं. 

दहा हजारांच्या सर्व्हिसिंगला ते लेकीबरोबर कंपनीत गेलेही. तिथे फरशीवर पिवळी रेघ, गिऱ्हाइकानं तिच्या पलीकडे जायचं नाही. काचेआड बसून मास्तर बघत राहिले. गाडीवर इद्रिसू नावाचा चाळिशीचा माणूस होता, झोंगोत, म्हणजे उत्तरेकडून आलेल्यांच्या वस्तीत राहणारा, अबोल. त्यानं फिल्टर हातानं आवळला, पान्यानं नाही, आणि वर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, सैल झाला तर कळावं म्हणून. मास्तरांनी पसंतीची मान हलवली. सेरवाला म्हणाले, ह्याचा हात बरा आहे.

जानेवारीत हर्मॅटनचा कोरडा वारा सुटला. झाडं, छपरं, पापण्या, सगळ्यावर धूळ. सेरवा प्रशिक्षणाला पाच दिवस अक्राला गेली ती बसनं, गाडी बाबांच्या शेडमध्ये ठेवून. मास्तरांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली. कंपनीत जाऊन आल्याला जेमतेम तीन हजार किलोमीटर झाले होते आणि ऑइल काळं पडलेलं. पुस्तकात लिहिलेलं, पुढचं ऑइल वीस हजाराला. ही पुस्तकं लिहिणारे कधी या दिवसांत एजुराच्या लाल मातीतून आलेत का, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

मग ते स्वतः सामानाच्या गल्लीत गेले. दोन फिल्टर हातात घेऊन नाकारले. तिसरा कंपनीच्या खोक्यातला, सीलबंद, वर चमकती पट्टी, आणि दुकानदार वीस वर्षांच्या ओळखीचा. शेडमधल्या सगळ्यांना कामं सांगून त्यांनी पिटाळलं. ऑइल काढलं, नवं भरलं, फिल्टर बदलला, आणि शेवटी पेट्रोलच्या फडक्यानं बोटांचे ठसे पुसून टाकले. चोरी केली असं त्यांना वाटलं नाही. झोपलेल्या पोरीच्या अंगावर पांघरूण घालावं, तसं वाटलं. सेरवा परत आली, गाडी घेऊन गेली, आणि मास्तर तिला काही बोलले नाहीत.

तीन आठवड्यांनी एजुराच्या वाटेवर माम्पोंगच्या पुढे ऑइलचा लाल दिवा लागला. सेरवानं गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन सीझ झालं होतं. पुढच्या गावात एक बाई अडली होती. सेरवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पोचली. मूल वाचलं, पण फार उशिरा रडलं. 

शनिवारी कंपनीनं बोलावलं. मास्तरही गेले. सर्व्हिसचे मुख्य आम्पोफोसाहेब, माणूस सभ्य, कागदावर चालणारा. त्यांनी गाडीतून काढून कापलेला फिल्टर टेबलावर ठेवला. आतला कागद पापडासारखा चुरला होता. नकली आहे, ते म्हणाले. ऑइल अडलं, बेअरिंगं जळाली. मग त्यांनी सेरवाला विचारलं की गाडी बाहेर कुणी उघडली होती का.

"कुणीही नाही," सेरवा म्हणाली. "माझे बाबा चाळीस वर्षं फिटर आहेत. त्यांनीसुद्धा बोट लावलेलं नाही."

साहेबांनी पुस्तक चाळलं. शिक्के सगळे जागेवर, तारखा बरोबर. म्हणजे दोष तुमचा नाही, ते म्हणाले, इंजिन कंपनी बदलून देईल, इथे सही करा. आणि नकली माल बसवून खरा फिल्टर बाहेर विकणारा कोण, तेही वहीत आहे. त्यांनी इद्रिसूला आत बोलावलं.

इद्रिसूनं फिल्टर हातात घेऊन फिरवून बघितला. तो म्हणाला, "साहेब, माझ्या फिल्टरवर पांढरी रेघ असते. ह्याच्यावर नाही."

साहेब म्हणाले, पुसली असेल, नाहीतर तू ओढलीच नसशील. सोमवारी येऊन युनिफॉर्म जमा कर.

मास्तरांच्या शेजारी सेरवा सही करत होती. बोलायला पुरेसा वेळ होता. एक वाक्य तर बोलायचं होतं. धीर झाला नाही म्हणा, की इंजिन मिळतंय हे दिसलं म्हणा, मास्तर बोलले नाहीत. हे त्यांचं मी झाकणार नाही.

रविवारी चर्चमध्ये सगळे गात असतानाच मास्तर बाहेर पडले. तिथून ते घरी न जाता शेडमध्ये गेले, अंगातल्या चांगल्या कपड्यांनिशी भंगाराचं पिंप आडवं केलं. गाडीतून काढलेला कंपनीचा फिल्टर तळाशी सापडला. पांढरी रेघ जशीच्या तशी होती. त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि दुपारी सेरवापुढे ठेवून सगळं सांगितलं.

सेरवानं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"काल तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, बाबा. मी सही केली तेव्हा."

"हो."

"तेव्हा नाही बोललात. मग आता पण बोलू नका."

मग ती बोलत सुटली. अकरा गावं पायी करू का मी? नवं इंजिन विकत घ्यायचं म्हणजे अर्ध्या गाडीची किंमत, पुन्हा नऊ वर्षं कुठून आणू? त्या इद्रिसूचा हात चांगला आहे, तुम्हीच म्हणाला होतात. त्याला कुठेही काम मिळेल.

"चोर म्हणून हाकललेल्या फिटरला मॅगझीनमध्ये पाना कोण देईल, सेरवा?" मास्तर म्हणाले. "मी तरी दिला नसता."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मास्तर दाराबाहेर बसून राहिले. आतून रडण्याचा आवाज आला असता तर बरं वाटलं असतं, पण आवाज आला नाही.

सोमवारी कंपनी उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. आम्पोफोसाहेब आल्यावर त्यांनी गुंडाळी सोडून फिल्टर टेबलावर ठेवला. म्हणाले, "हा तुमच्या माणसानं बसवलेला, मी काढला. तो नकली मी बसवला. मुलीला ठाऊक नव्हतं."

साहेबांनी उठून दार लोटलं. इंजिनाचा कागद वर गेलाय, ते हळू आवाजात म्हणाले, आणि आता मागे घ्यायचा म्हणजे माझ्याही डोक्याला ताप. घरी जा मास्तर, नीट विचार करा. मी अजून काही ऐकलेलं नाही.

"तुम्ही ऐकलंय, साहेब. लिहून घ्या."

लिहून झालं. मास्तरांनी सही केली, त्याला वेळ लागला, लिहायचा हात त्यांचा कधीच नव्हता. बाहेर इद्रिसू घडी घातलेला युनिफॉर्म घेऊन बाकावर बसला होता. मास्तर त्याच्यापुढे उभे राहिले, म्हणाले, तुझं नाव आता स्वच्छ आहे, मला माफ कर. इद्रिसूनं आभार मानले नाहीत, ते बरोबरच होतं.

"माझ्या बायकोनंसुद्धा विचारलं," तो म्हणाला. "खरंच घेतलास का म्हणून."

 मग इद्रिसू युनिफॉर्म पुन्हा अंगात चढवायला आत गेला.

वॉरंटी संपली. गाडी टो करून मॅगझीनमध्ये आणली, मास्तरांच्या शेडमध्येच, दुसरी जागा कुठे होती? सेरवा ट्रोट्रोनं आणि कुणाकुणाच्या मोटारसायकलींवरून गावं करू लागली. बाबांशी ती बोलेना. मास्तरांनी गाडीवर ताडपत्री घातली आणि तिला हात लावला नाही. शेजारचे फिटर टोमणे मारायचे, काय मास्तर, कोरं इंजिन उघडायला मुहूर्त काढताय का? त्यांना काय ठाऊक. तिनं सांगितल्याशिवाय मास्तर आता एक नट फिरवणार नव्हते.

सहा आठवड्यांनी एका दुपारी सेरवा आली. मोटारसायकलवरून पडून कोपर सोललेलं, वर पट्टी. तिनं किल्ली बाकड्यावर ठेवली, उघडून बघा म्हणाली, आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन पाठ करून बसली.

मास्तरांनी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, खाली शिरले, ऑइलचा चेंबर उतरवला. आता खरं ते सांगतो. या सहा आठवड्यांत त्यांच्या मनात एक आशा घर करून बसली होती, की फिल्टर नकली असेना, पण मूळ दोष कारखान्यातलाच निघेल. ओतकामातली चीर, पंपातली खोट, काहीतरी. त्यांनी ऑइल पंपाची जाळी सोडवून उजेडात धरली. कागदाच्या चिंध्यांनी ती बुजली होती. जळालेली बेअरिंगं सोडली तर बाकी सगळं इंजिन चोख होतं, इतकं चोख काम त्यांनी कधी हाताळलं नव्हतं.

सेरवा केव्हा आत आली, त्यांना कळलं नाही.

"कंपनीचंच काहीतरी निघालं ना, बाबा?" तिनं विचारलं.

तिचा आवाज मऊ होता. हो म्हणाले असते तर तिनं मानलं असतं, तिला मानायचंच होतं, आणि जाळी बघून ओळखणारं शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

मास्तर गाडीखालून बाहेर आले आणि ती जाळी त्यांनी तिच्या हातात दिली.

"नाही गं," ते म्हणाले. "माझंच."

सेरवानं एक चिंधी नखानं सोडवली, बोटांत चोळली. मग तिला रडू फुटलं, सहा आठवड्यांचं सगळं. मास्तर तेलकट हात लांब धरून तसेच उभे, कारण ती पांढऱ्या कपड्यांत होती.

"नीट होईल?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"होईल. वेळ लागेल."

"मग तुम्हीच करा. पण मला समोर बसवून करा. माझ्या मागे काही करायचं नाही. चांगलंसुद्धा नाही."

मास्तरांनी मान हलवली. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं, आणि गाडीजवळ, जिथून इंजिन सगळं दिसतं अशा जागी तिच्यासाठी ठेवलं.