फुलवंताची माय

“कंपाउंडरबाबू, फुलवंताची माय येऊन राहिली,” सोमीबाई दारातून हळूच म्हणाली आणि कोयता घेऊन कुंपणाकडे निघून गेली.

मी औषधाची बाटली हलवत होतो. ऐकून इतका आनंद झाला की बूच लावायचं राहून गेलं. फुलवंता सहा-सात वर्षांची. तिची आई तिला आमच्या बालगृहात ठेवून दूर चहाच्या मळ्यावर मजुरीला गेली होती. ‘येईन’ म्हणाली होती. रस्त्यानं बैलबंडी वाजली की ही पोर फाटकाशी पळायची. दोन-चार दिवस तापानं फणफणली होती, पाठ दुखते म्हणून रडत होती, तेव्हा तिला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवलं होतं. मी मलेरिया समजून क्विनाइन मिक्श्चर देत होतो. त्या सकाळी ताप उतरला होता. मी म्हणालो, “ऊठ फुलवंता, तुझी आई येते आहे.”

तिनं विचारलं, “खरंच का जी?”

“खरंच.”

बालगृह गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्यप्रदेशात. मी नगरकडचा, ख्रिस्ती घरातला. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडरचं काम शिकलो होतो. कंपाउंडर म्हणजे डॉक्टरनं लिहिलेलं औषध मोजून, कालवून देणारा माणूस. पगाराची नोकरी धरण्याआधी एक वर्ष देवाला द्यावं म्हणून इथं बिनपगारी आलो होतो. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस मीच डॉक्टर, असं मला वाटायचं.

तर मी फुलवंताला नवा फ्रॉक घालायला लावला आणि व्हरांड्यात मुलांच्या मधोमध आणून बसवलं. सगळी तिला बिलगली. सामू नावाचा सगळ्यात लहान मुलगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होता, “तुही माय खाऊ घेऊन येऊन राहिली का?” मी मुलांना गाणं म्हणायला लावलं. स्वागताचं.

सोमीबाई कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन परतली. ती बालगृहाची आया. जंगलपट्टीतली गोंड विधवा, तोंडावर वण, आवाज खणखणीत. व्हरांड्याकडे पाहून तिच्या हातातल्या डहाळ्या खाली पडल्या.

“तिले काऊन बाहेर आणलं जी?”

“अगं, तिची आई येणार ना!”

“थे माय नाही जी,” ती कुजबुजली आणि फुलवंताचे केस मागे सारले. कपाळावर, केसांच्या कडेला, तांबडे ठिपके होते.

मग माझ्या ध्यानात आलं. देवीचा रोग घरात आला की इकडे त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर ती रागावते. ‘माय आली’ म्हणायचं, दाराला निंब बांधायचा, पोराला वेगळं निजवायचं. सोमीबाई तेच सांगून निंब तोडायला गेली होती. दवाखान्याच्या माणसाला एवढं कळेल असं तिनं धरलं होतं. मला कळायलाही हवं होतं. ताप, पाठदुखी, मग ताप उतरून पुरळ, ही देवीची खूण मी पुस्तकात वाचली होती.

फुलवंताला पुन्हा आत नेलं. ती विचारत राहिली, “मंग माय कवा येते?” मी तिच्या अंगावर पांघरूण ओढलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. व्हॅक्सिनेटरला, म्हणजे देवी टोचणाऱ्या सरकारी माणसाला, बोलावणं गेलं. आमच्या सुपरिंटेंडेंट मिससाहेब विलायतेहून आलेल्या होत्या. मराठी त्या बायबलवरून शिकल्या होत्या आणि हिंदी गोंदियाच्या बाजारात.

“कंपाउंडर, ही कन्या बाहेर कशी आली? किसने लाया?”

“मी आणली, मिससाहेब. पण सोमीबाईनं मला रोगाचं नाव सांगितलं नाही.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. पूर्ण वाक्य खोटं होतं.

मिससाहेब सोमीबाईकडे वळल्या. “तू का नाही सांगितलंस?”

“सांगतलं जी. माय येऊन राहिली म्हन्लं.”

“माय? कौन माय?”

सोमीबाईनं दारावरच्या निंबाकडे बोट केलं. नाव घ्यायचं नव्हतं. मिससाहेबांच्या हाती तेवढ्यात दाराची निंबाची डहाळी आली आणि त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं: आयानं देवी भजण्यासाठी आजार लपवला. मी मध्ये बोललो असतो तर गैरसमज तिथंच मिटला असता. ‘हिनं सांगितलं होतं, मला हिची बोली कळली नाही,’ एवढंच बोलायचं होतं. मी थर्मामीटर झटकत उभा राहिलो. मिससाहेबांनी तिला कामावरून काढलं. सोमीबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि गेली.

व्हॅक्सिनेटर दौऱ्यावर होता, तो वेळेत आलाच नाही. पंधरवडा उलटला आणि एकेक मूल तापू लागलं. काहींना पूर्वी देवी टोचल्या होत्या, ती वाचली. जंगलपट्टीतून नुकतीच आलेली मुलं मात्र आडवी झाली. स्वयंपाकी पळाला. पाणक्या फाटकापर्यंत येऊन घागर ठेवून जायचा. मी आणि मिससाहेब दोघंच उरलो. देवीच्या रोग्याच्या अंगाला चादर चिकटते, ती सोडवताना कातडं निघतं, मूल किंचाळतं. हे रोज, दर खाटेला. प्रार्थनेला बसलो की मला शब्द सुचायचे नाहीत.

अशा एका सकाळी फाटक वाजलं. सोमीबाई उभी होती. डोक्यावर केळीच्या पानांचा भारा.

मिससाहेब म्हणाल्या, “सोमी, इथे रोग आहे. तू वापस जा.”

“मले लहानपणीच येऊन गेली जी,” तिनं तोंडावरच्या वणांवर बोट ठेवलं. “मले कायचा भेव? फाटक उघडा, पानं सुकून राहिली.”

मिससाहेबांनी फाटक उघडलं.

तिनं पानांना तेल लावलं आणि चादरी काढून मुलांना त्यांवर निजवलं. किंचाळणं थांबलं. मला ती शांतता अजून आठवते. निंबाच्या डहाळीनं ती माश्या हाकायची आणि गोंडीत काहीतरी गुणगुणायची. समोरच्या खाटेपाशी मिससाहेब गुडघे टेकून प्रार्थना करायच्या. कोणी कोणाला थांबवलं नाही. फुलवंताच्या फोडांवर खपल्या धरल्या होत्या. तिला सोमीबाईनं जवळ घेऊन सांगितलं, “तुही माय अजून दूर हाये. तोवर मी हावो.”

सामू वाचला नाही. एका सकाळी तो सोमीबाईच्या मांडीवर गेला. माशी बसू नये म्हणून तिचा हात त्यानंतरही बराच वेळ हलत होता.

मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, “सोमीबाई, चूक माझी होती. मी मिससाहेबांना खरं सांगितलं नाही.”

“मले मालूम हाये.”

“तरी परत आलीस?”

“तुमच्यासाठी आली का जी मी?” ती फटकन म्हणाली. मग सामूला माझ्या हातात दिलं. “धरा. डोकं सांभाळा. रडाचं तं रडा, पन हात हलवू नका.”

तिनं मला तो देह धरू दिला. ज्याच्यामुळे तो गेला त्याच्याच हातात, जराही न कचरता, विश्वासानं दिला. देवाच्या प्रीतीबद्दलची वचनं मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो होतो, बक्षिसं मिळवली होती. मला वाटायचं ती प्रीती म्हणजे एखादा गोड भाव. त्या सकाळी ती खोलीत होती आणि मला मान वर करता येईना. भीती वाटावी इतकी मोठी होती. तिनं माझ्याकडे हिशोब मागितला नाही, काम दिलं.

सामूनंतर कोणी गेलं नाही. सोमीबाई पुढे आया म्हणून राहिली.

वर्षअखेरीस उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, सभा झाली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी भाषणात सांगितलं की अडाणी आयानं रोग लपवला, आपल्या तरुण कंपाउंडरनं मुलांना वाचवलं, आणि आया पश्चात्ताप करून परत आली. टाळ्या पडल्या. मी बोलायला अर्धा उठलो. मागच्या सतरंजीवर सोमीबाई बसली होती, मांडीवर पोर झोपलेलं. तिनं हातानं खूण केली, बसा, पोर उठेल.

मी बसलो. ती हकीकत तशीच पसरली. मिशनच्या सभांतून मी ती कितीदा ऐकली आणि हारही घेतले. मिससाहेब मायदेशी गेल्या, सोमीबाई वारली. तिनं बसायला सांगितलं म्हणून बसलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. मला बसायचंच होतं.

खरी हकीकत वर लिहिली आहे. बालगृहांत सेवेला जाणाऱ्या तरुणांनी एवढं ध्यानात ठेवावं: ज्याच्यावर ठपका आला त्यानं आपल्याला माफ केलं, तरी ठपका पुसायचं काम आपल्याकडेच राहतं. आणि ते तो जिवंत असताना करायचं असतं.