घरमालकांची डिकी-तपासणी

म्हैसूरजवळच्या हिनकलपासून बेट्टदपुरापर्यंतच्या रस्त्यावर आमच्या घरमालकांइतके कायदे कोणी पाळले नसतील. जे कायदे अस्तित्वातच नाहीत, तेही त्यांनी पाळले आहेत. एकवीस वर्षांखालच्यांना दारू मिळणार नाही, अशी पाटी इथल्या दुकानांवर असते. घरमालकांनी ती आपल्या फाटकापर्यंत वाढवून घेतली: एकवीसच्या आतले माणूस आणि दारू एका वाहनातून जाता कामा नये. वाहन म्हणजे चाके असलेले काहीही. दारू म्हणजे लेबलावर अल्कोहोल लिहिलेले काहीही. बातमीदारीमुळे मला मूळ कलमे वाचायची सवय आहे, म्हणून खात्रीने सांगतो, त्यांच्या तोंडची निम्मी कलमे त्यांनी स्वतः केलेली आहेत.

पुण्याहून बदली होऊन मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्या दिवशी सामानाचा ट्रक त्यांनी फाटकातच अडवला. "डिकी उघडा," असे ते ट्रकला म्हणाले. हमालांपैकी दोघांना वय विचारले, आणि माझ्या औषधांच्या पेटीतली होमिओपॅथीची बाटली स्वतः हातात धरून वर आणून दिली, कारण धाकट्या हमालाला एकविसावे लागायला दोन महिने होते. शेजारच्या मुलीच्या बाराव्या वाढदिवसाला कोणी रम घातलेला केक आणला, तेव्हा मुलगी आईच्या स्कूटरवरून पुढे गेली आणि केक माझ्या हातात देऊन मला मागून चालत पाठवण्यात आले. गल्लीतली लग्नाची वऱ्हाडे निघण्याआधी आपणहून त्यांच्यासमोर डिक्या उघडतात. वाद घालण्यापेक्षा ते लवकर होते, असा सर्वांचा अनुभव आहे. बोलणे मात्र गोड. "नोडी, सुम्ने, नुसतंच बघतो. राग नको ना, अल्लवा?" असे म्हणत ते स्टेपनीखालीसुद्धा हात घालतात.

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. घरात मराठी टिकली, पण दर चौथ्या शब्दाला ती कन्नडचा हात धरते. ते स्वतः सरकारी जीपचे चालक होते. ती जीप दारू पकडणाऱ्या अधिकाऱ्यांना घेऊन नाक्यानाक्यांवर उभी राहायची. आयुष्यात थेंबही न घेतलेल्या या माणसाने पकडलेल्या बाटल्या मात्र लॉरीभर पाहिल्या. एकदा मी त्यांना विचारले, ही तपासणी कशासाठी? त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "एक पोरगा होता. एकोणीसचा. डिकीत पिशवी, पिशवीत चार बाटल्या. त्याला म्हाईतच नव्हतं. कागद लिहिता लिहिता बारा वाजले, आणि दहाला त्याची परीक्षा होती. बाटल्या त्याच्या चुलत्याच्या, पेपर त्याचा. कुणाची चूक नव्हती. मी नुसता जीपमध्ये बसलो होतो."  

अशा माणसाच्या घराण्यात एक प्रथा असावी, हा योगायोग मी रचलेला नाही. बेट्टदपुराच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर लढाईत पडलेल्या त्यांच्या पूर्वजाचा वीरगळ आहे. घरचे त्याला 'दंडू ताता' म्हणतात, म्हणजे फौजेतले आजोबा. उगादीचा दुसरा दिवस इथे होसतोडकु म्हणून पाळतात. सकाळपासून मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. त्या दिवशी दंडू तातांना ब्रँडीची सीलबंद बाटली वाहायची, आणि ती घरातल्या सर्वांत धाकट्याने घरून न्यायची. इतक्या पिढ्यांत एकही वर्ष चुकलेले नाही. मुलगा बेंगळुरूला असतो आणि दगडाचा फोटो पाठवा म्हणतो. राहिली नात. आजोबांजवळ राहून ती म्हैसूरला शिकते. आजोबांना गाडी चालवायची डॉक्टरांनी बंदी केली, त्या वर्षी ती एकोणीसची होती आणि गाडीचे लायसन्स फक्त तिच्याकडे होते; माझे स्कूटरपुरते.

नातीने गाडीतून बाटली नेली तर चालेल का, असे मी एका वकिलाला विचारले. आजोबा शेजारी, बिल खिशात, सील शाबूत. एवढी काळजी कसली, असे तो म्हणाला. घरमालकांनी ऐकून घेतले. "त्यांचं काम पकडल्यावर सुरू होतं. माझं त्याच्या आधी संपाया हवं," ते म्हणाले. "गाडी तिच्या हातात, म्हणजे डिकी तिच्या हातात."

म्हणून बाटली माझ्या स्कूटरवर गेली. मागे गाडीत नात आणि आजोबा. बाटली नजरेआड होऊ नये म्हणून गाडीने स्कूटरच्या पुढे जायचे नाही, आणि बाटली हिंदकळू नये म्हणून स्कूटरने वेग घ्यायचा नाही, असा नियम होता. हुणसूरच्या अलीकडे आमच्यामागे दोन बस आणि उसाचा एक ट्रॅक्टर तुंबला. पोलिसाने मला थांबवून पिशवीत काय आहे विचारले. मी उत्तर देण्याआधी घरमालक गाडीतून उतरून धावत आले. "ह्यांचं वय शेहेचाळीस. सील बघा. हे बिल. मी साक्षीदार. गाडीत काही नाही, डिकी उघडतो, बन्नी, या!" पोलिसाने सगळे शांतपणे ऐकले. "बाटली असू दे," तो म्हणाला, "पण जरा जोरात चालवा हो. मागचे हॉर्न ऐकू येईनात काय?"

वीरगळापासून गाडी शंभर पावले लांब उभी केली. पावले त्यांनी स्वतः मोजली. मग बाटली त्यांनी धरली आणि नातीने त्यांच्या मनगटाखाली तळवा लावला. "हात तिचा, बाटली माझी," त्यांनी दंडू तातांना खुलासा केला. नात वैतागली होती. "ताता, एका दगडाला ब्रँडी द्यायला एवढं नाटक? एकवीसची झाले ना, की बोलावलंस तरी येणार नाही."

"नको येऊ पुट्टी," ते म्हणाले. पुट्टी म्हणजे चिमुकली.

पुढच्या वर्षीही ती वरात तशीच गेली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, माघात ती एकवीसची झाली. उगादी आली तेव्हा घरमालकांचे गुडघे जिन्यालाही नकार देत होते आणि डोळ्यांपुढे धुके होते. बाटलीचे त्यांनी नाव काढले नाही. होसतोडकुच्या सकाळी ते फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी स्कूटर पुसून ठेवली होती.

नातीने गाडी बाहेर काढली आणि फाटकात स्वतःच थांबवली. खाली उतरून तिने डिकी उघडली, पिशवीतून बाटली काढली आणि आजोबांच्या हातात दिली.

"तपास," ती म्हणाली.

त्यांनी सीलवरून अंगठा फिरवला. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

"बिल?"

"खिशात."

"वय?"

"ताता!"

"वय सांगावं लागतं."

"एकवीस पूर्ण."

त्यांनी बाटली परत दिली. "होगि बा," म्हणाले. जाऊन ये. तिने डिकी लावली आणि ती निघाली. त्या दिवशी माझ्या स्कूटरचे काम पडले नाही.

ते फाटकाची कडी धरून उभे राहिले. गाडी गल्लीच्या टोकाला पोहोचली होती. तिथपर्यंतचे त्यांना आता दिसत नाही.

"वळली?" त्यांनी मला विचारले.

"वळली," मी सांगितले. तरी ते कडी धरून थोडा वेळ तसेच उभे होते.