डोरीनबाई आणि लिनेटचे फुकटचे शनिवार

इंग्लंडातल्या आमच्या ओल्डहॅम गावच्या बिस्किट कारखान्यात पगाराचं काम डोरीन हॅस्लमबाईंकडे होतं. तेवीस वर्षांत त्यांनी कुणाच्या पगाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी शेजारीच पॅकिंगला होते. चहाच्या वेळी कितीदा खडा टाकून पाहिला, बाई ढिम्म!

मग सरकारनं कमी पगाराच्या लेकुरवाळ्यांना टॅक्स क्रेडिट, म्हणजे पगारावर वरची मदत, सुरू केलं. ते मिळायचं मालकाच्या हातून, पगाराच्या पाकिटातच. आमच्या कारखान्यातल्या लिनेटलाही मिळू लागलं. एकटी बाई, पदरात सहा वर्षांची मुलगी. तिचा समज झाला की सरकारनं नुसता हुकूम काढलाय, पैसे आमचे मालक ऑर्मरॉडसाहेब पदरचे घालतात. उपकार फेडायला ती दर शनिवारी फुकट येऊन भट्टीचे ट्रे घासायची. आम्ही पॅकिंगच्या बायकाही साहेबांना देवमाणूस म्हणायचो. साहेब नुसते हसायचे.

अशात लिनेटला मुलीच्याच शाळेत, स्वयंपाकघरात नोकरी चालून आली. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"नाही हो जमायचं, डोरीनबाई," ती चहा पिताना म्हणाली. "साहेब माझ्यासाठी दर आठवड्याला पदरमोड करतात. म्हणून तर शनिवारी येते मी. त्यांना कसं सोडू?"

"पदरमोड?" डोरीनबाईंनी कप खाली ठेवला आणि तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं आणि माझे कान काही बंद नव्हते.

"साहेब, तिला तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"काय सांगायचं?"

"ते पैसे तुम्ही सरकारला भरायच्या करातून वळते करून घेता. तुमची पेनीसुद्धा जात नाही."

"तिनं मला कधी विचारलं?"

"कधी विचारणार? ट्रे घासत होती ना ती!"

साहेबांचे कान लाल झाले. पण आले बाहेर, आणि सगळं सांगितलं. टॅक्स क्रेडिट शाळेतल्या नोकरीतही मिळेल, हेसुद्धा.

मला वाटलं, लिनेट आता रडते. ती खो खो हसत सुटली.

"अगं बाई! म्हणजे सरकारचे उपकार मी यांच्या ट्रेवर फेडत होते? साहेब, माझ्या शनिवारांची मजुरी काढा आता."

साहेबांनी आशेनं डोरीनबाईंकडे पाहिलं. त्या पेन घेऊन बसल्याच होत्या.

"तीस शनिवार, तीन-तीन तास," त्या म्हणाल्या. "पुढच्या पाकिटात घालते."

लिनेटनं साहेबांच्याच फोनवरून शाळेला होकार कळवला. मला इतका आनंद झाला की बिस्किटांचा एक डबा उलटा पॅक केला.

पुढच्या शनिवारी ट्रे साहेबांनी स्वतः घासले. मी आणि डोरीनबाई मुद्दाम बघायला गेलो होतो.